अकरा मोटारमालकांची साक्ष

धुळे, ता. ८ नोव्हेंबर १९३७

श्री. रुपचंद अभिमन पाटील, जळगाव, यांस झुलाल हिलाल पाटील, वकील, यांचा नमस्कार.

आपले पत्र ऐन दिवाळीत मिळाले. सणाच्या दिवशी व्याह्याला बोल लावण्याचा मुहूर्त आपण बरा साधलात. आमची सून बाळंत होऊन दोन महिने झाले तरी तिला न्यायला कोणी आले नाही, बारशाला आत्या आली नाही, म्हणून मुलीचे नावच ठेवलेले नाही, अशी आपली तक्रार आहे. बारशाच्या दिवशी माझा खटला बोर्डावर होता. चि. धनसिंग पुण्यास शेतकी कॉलेजात आहे. त्याची परीक्षा बुडवून तो पाळणा हलवायला येणार नाही.

खरे सांगायचे तर आपल्या पहिल्याच पत्राने आमचा उत्साह गेला. 'मुलगी झाली. काळीसावळी आहे. अंगाने किरकोळ, रडतमुखी.' आजोबाने नातीची खबर अशी द्यावी याचे मला नवल वाटले. पण लग्न ठरवतानाही आपण आपल्या तोंडाने म्हणाला होतात की पोरीला काही येत नाही, डोक्याने मंदच आहे. आपले घराणे पाहून मी तिकडे दुर्लक्ष केले. पुढे वर्षभर ती माझ्या घरात खाली मान घालून वावरली, तेव्हा आपण खोटे बोलला नव्हतात एवढे पटले.

असो. चाळीसगावला आगगाडी बदलून तान्ह्या मुलाला आणणे मला पसंत नाही, आणि सर्व्हिस मोटारीत कोंबड्यांच्या टोपल्यांशेजारी माझी सून बसणार नाही. मी लहान मोटार घेत आहे, जिला लोक बेबी मोटार म्हणतात ती. तिच्यातूनच दोघींना आणीन. माझ्या ऐपतीत दोनच गाड्या बसतात, मॉस्टन आणि वेल्बी. धुळ्यात त्या फारशा नाहीत. जळगाव-भुसावळकडे पुष्कळ आहेत. आपण त्यांच्या मालकांना गाठून प्रत्येकाचे म्हणणे जसेच्या तसे लिहून पाठवावे. आपले मत घालू नये. बैलगाडीपलीकडच्या वाहनाविषयी आपले मत मला नको आहे. आपला कारकून कोण ते ठाऊक नाही, पण त्याचे अक्षर वळणदार आहे. त्याच्याकडूनच लिहून घ्यावे.

उत्तराची वाट पाहतो. लोभाची नाही.

झुलाल हिलाल पाटील


जळगाव, ता. २९ नोव्हेंबर १९३७

झुलालराव वकिलांना रुपचंद पाटलाचा रामराम.

तुमचा हुकूम पोचला. ऐन वेचणीचे दिवस, शेतात कसाबसा आलेला कापूस पडलेला, आणि मी तुमच्या मोटारीसाठी गावोगाव दारं ठोठावत फिरलो. लेकीचा बाप आहे म्हणून फिरलो. अकरा जण भेटले. जे जसं बोलले तसं लिहून पाठवतो. माझं मत घातलेलं नाही, कारण तुम्हाला ते नको आहे.

आधी वेल्बीवाले पाच. सरकीचे व्यापारी नूर महंमद माझे जुने स्नेही. चार वर्षं वेल्बी वापरतात. गाडीचं नाव काढल्याबरोबर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "नको काढू नाना तिन्हं नाव. गाडी नही, बला शे. बठ्ठा जीव खाई गई मन्हा." भुसावळचे डॉक्टर म्हणाले, घेऊन चुकलो, दुसरं कोणी घेत नाही म्हणून गळ्यात आहे. बाकीचे तिघे असंच बोलले. एकाने तर वेल्बीपेक्षा पायी बरं असं सांगितलं आणि वेल्बीत बसून गिरणीकडे निघून गेला.

आता मॉस्टनवाले सहा. बन्सीलालशेट म्हणाले, राणी आहे राणी, चढावर श्वास लागत नाही की उतारावर पाय घसरत नाही. एका तरुणाला ती सासऱ्याकडून लग्नात मिळालेली आहे. तो म्हणाला, अशी गाडी होणे नाही. बाकी चौघेही तोंडभर बोलले. अकराही जणांचे शब्द सोबतच्या चार पानांवर आहेत.

तुमची नात अजून बिननावाची आहे. नावाशिवाय हाक कशी मारायची म्हणून घरात आम्ही तिला धोंडी म्हणतो. तिच्या आजीचं म्हणणं आहे की मोटार येईल तेव्हा येवो, आत्याला तेवढी आधी पाठवा. मी म्हटलं वकिलांना सांगून उपयोग नाही. तरी लिहायला सांगितलं आहे म्हणून लिहिलं.

रुपचंद अभिमन


धुळे, ता. १४ डिसेंबर १९३७

श्री. रुपचंद पाटील यांस,

आपली पाने वाचली. मी पंचवीस वर्षे साक्षी तपासतो आहे, पण इतका एकमुखी पुरावा क्वचितच पाहिला. वेल्बीच्या पाचही मालकांना तिचा पश्चात्ताप, मॉस्टनच्या सहाही मालकांना समाधान. विरोधात एकही शब्द नाही. स्वतः पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस उगाच वाईट म्हणत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. निकाल उघड होता. मी मॉस्टन घेतली. निळ्या रंगाची आहे.

आपल्या हातून एक काम नीट झाले याची नोंद घेतो. हे पहिलेच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सौ. यशोदाबाईंसह मी जळगावला येतो. त्याच दिवशी सून आणि मुलगी यांना घेऊन परत. आपल्याकडचा पाहुणचार दोन तासांहून अधिक नको. मुलीला 'धोंडी' म्हणण्याचा प्रकार बंद करावा. आमच्या घरातल्या मुलींना माणसांची नावे असतात.

झुलाल हिलाल


जळगाव, ता. २२ डिसेंबर १९३७

वकीलसाहेब,

या. भरीत-भाकरी, तिळाची पोळी, जे असेल ते वाढू. कमल सामान बांधून बसली आहे. मॉस्टन घेतलीत हे ऐकून बन्सीलालशेटना आनंद झाला. त्यांनी त्यांची कालच विकली.

धोंडीला धोंडीच म्हणू. ती तुमच्या घरी येईल तेव्हा तुम्ही हवं ते म्हणा.

रुपचंद अभिमन


धुळे, ता. १७ जानेवारी १९३८

श्री. रुपचंद पाटील,

आम्ही का आलो नाही, हे आपल्याला कळले असेलच. आपले स्नेही नूर महंमद यांनी ते गावभर सांगितले असणार. तरी माझ्या शब्दांत नोंद राहावी म्हणून लिहितो.

आम्ही सकाळी सात वाजता निघालो. मुलीसाठी झबले, टोपडे आणि हलव्याचे दागिने बरोबर होते. सौ. यशोदाबाईंनी ते आठ रात्री जागून केले होते. फागण्यापाशी गाडीचे पाणी उकळले. तासभर थांबलो. पुढे पारोळ्याला बोरीच्या पात्रात उतरताना पुढचा ॲक्सल मोडला आणि एक चाक आमच्या आधी नदीपलीकडे गेले. साडेचार तास आम्ही उन्हात बसलो. मेंढपाळ येऊन गाडी पाहून जात होते. माझी पत्नी हलव्याचा डबा मांडीवर घेऊन रडत होती, आणि पंचवीस वर्षे वकिली केलेला मी ते चाक नदीपलीकडून गडगडवत आणत होतो.

मग जळगावकडून वेल्बी आली. आपले नूर महंमद धुळ्याला निघाले होते. त्यांनी एका शेतकऱ्याकडून मोटेचा नाडा आणला, आमची गाडी पुढून उचलून त्यांच्या गाडीच्या मागे बांधली आणि बावीस मैल ओढत धुळ्याला आणली. वाटेत एकदाही ती वेल्बी थांबली नाही, तापली नाही. आणि बावीस मैल तो गृहस्थ तिला शिव्या देत होता. बला आहे, भंगार आहे, आज पोचत नाही, उद्या विकतो. मी विचारले की मग ही ओढते कशी. त्यावर तो घाबरला आणि म्हणाला, "वकीलसाब, तसं बोलू नका, ती ऐकते."

माझी खात्री झाली आहे की आपण अकराही जणांना पढवून ठेवले होते. धुळ्याचा वकील भर रस्त्यात बसावा, यासाठी आपण खोटी साक्ष उभी केलीत. आता मी जळगावला येणार नाही. मोटारीनेही नाही आणि पायीही नाही.

झुलाल हिलाल पाटील, वकील


जळगाव, ता. २६ जानेवारी १९३८

वकीलसाहेब,

तुमची फजिती झाली याचं मला वाईट वाटलं नाही. विहीणबाईंचं वाटलं. त्यांना एवढं सांगा की इथे पोरीच्या आजीने, भागाबाईने, दारात रांगोळी काढली होती आणि कमल दिवस मावळेपर्यंत पोर घेऊन उंबऱ्यात उभी होती.

मी कोणाला पढवलं नाही. त्याची गरजच नव्हती. आमच्याकडे दावणीला नांदता बैल असेल, तर चारचौघांत त्याला शिव्याच देतात. खातो फार, चालत नाही, एखाद्या दिवशी सोडून देतो, असं म्हणतात, म्हणजे कोणाची नजर लागत नाही. आणि विकायला काढला की शिंगं रंगवून त्याचे गुण गातात. मोटारीचंही तेच. वेल्बीवाल्या पाचांच्या गाड्या रोज चालतात म्हणून त्यांनी नावं ठेवली. मॉस्टनवाल्यांत बन्सीलालशेटला विकायची होती. एकाला सासऱ्याने दिली होती, तिला नावं ठेवून जावई जाणार कुठे. एक एजंटाचा मेहुणा. बाकी तिघांना गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता.

हे तुम्हाला मी सांगावं का? तुमचे वडील हिलालआबा बाजारात आपल्या बैलाला 'मरत का नाहीस' म्हणायचे आणि घरी आल्यावर त्याला गूळ चारायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही पुण्याला चार बुकं शिकलात आणि बापाची बोली विसरलात, तर त्यात माझा काय दोष? मी सांगितलंही असतं. पण तुम्हाला माझं मत नको होतं.

आता मोटारीचा नाद सोडा आणि आगगाडीने या. पोर पाच महिन्यांची होत आली.

रुपचंद अभिमन


धुळे, ता. ८ फेब्रुवारी १९३८

श्री. रुपचंद पाटील,

आपले पत्र हा माझ्या हाती आलेला सर्वांत मोलाचा कागद आहे. आपल्याकडे चांगल्याला वाईट म्हणतात, हे आपण लेखी मान्य केलेत. आता मी विचारतो त्याचे उत्तर द्या.

आपण आपली मुलगी मंद आहे असे म्हणालात. आपण माझी नात काळीसावळी, किरकोळ आणि रडतमुखी असल्याचे लिहिलेत. हे नूर महंमदच्या वेल्बीसारखे, की खरोखरच तसे? आपण कधी कोणत्या बोलीत बोलता, हे मी ओळखायचे कसे? मुलगी आजारी असेल आणि आपण रिवाजामागे लपत असाल तर? मी एकदा रस्त्यात बसलो आहे. पुन्हा बसणार नाही.

तेव्हा सरळ भाषेत, सहीनिशी लिहून द्यावे : माझी मुलगी शहाणी व गुणी आहे, नात निरोगी व देखणी आहे. ते पत्र आले की मी दुसऱ्या दिवशी निघतो. आगगाडीनेही येईन. फाल्गुन लागेपर्यंत आले नाही, तर आपले आधीचेच म्हणणे खरे धरीन, सुनेला आपल्याकडेच राहू देईन आणि धनसिंग पुण्याहून आल्यावर त्याच्या दुसऱ्या लग्नाचा विचार करीन. दोन ओळींचे काम आहे. आपल्या कारकुनाला पाच मिनिटे लागतील.

झुलाल हिलाल पाटील, वकील


जळगाव, ता. १७ फेब्रुवारी १९३८

वकीलसाहेब,

ते मी लिहून देणार नाही.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर भागाबाई दोन दिवस जेवली नाही. माझ्या पाया पडली, दोन ओळी लिहून द्या म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. तुम्ही दुसऱ्या लग्नाची धमकी देता, ती मला कळत नाही असं नाही. तुमच्या कोर्टात तुम्ही मोठे असाल. माझ्या लेकीच्या संसारावर बोट ठेवून माझ्याकडून सही घेणारा माणूस माझ्या लेखी कसाई आहे, आणि हे मी सरळ भाषेत सहीनिशी लिहून देतो.

बाकीचंही ऐका. कमलच्या आधी मला मुलगा होता, निंबा. बारा वर्षांचा झाला होता. एदलाबादच्या यात्रेत एका अनोळखी माणसाने विचारलं, पोरगा कोणाचा. त्या दिवशी माझी जीभ घसरली. मी म्हटलं, "माझा आहे, आणि असा पोरगा तालुक्यात दुसरा नाही." आठव्या दिवशी तो तापाने गेला. त्या दिवसापासून माझं जे काही आहे त्याला मी चांगलं म्हटलेलं नाही. पिकाला नाही, बैलाला नाही, बायकोला नाही. तुम्हाला हे अडाणीपण वाटेल. वाटू द्या. तुमच्या एका कागदासाठी मी ते पोर डावावर लावणार नाही.

तुम्ही फाल्गुनात काय करायचं ते करा.

रुपचंद अभिमन


जळगाव, ता. १ मार्च १९३८

ती. मामंजींच्या चरणी सौ. कमलचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र दोन प्रतींत लिहिते आहे. एक आपल्याला पाठवते, दुसरी नानांना वाचून दाखवून त्यांच्या उशाखाली ठेवते. म्हणजे मी कोणत्या बोलीत बोलले असा प्रश्न दोघांनाही पडणार नाही.

अक्षर आपण ओळखलं असेल. नानांकडे कारकून नाही. नानांना सहीपुरतं लिहिता येतं. आजवर जळगावहून आलेलं प्रत्येक पत्र मी लिहिलं आहे. 'काळीसावळी, अंगाने किरकोळ, रडतमुखी' हे बाळंतिणीच्या खाटेवर मीच लिहिलं. तेव्हा मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. आपल्याला मंद वाटणाऱ्या सुनेने अकरा मालकांची साक्ष चार पानांवर उतरवली. माझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं आपलं वाक्य मी नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही. आणि 'ते मी लिहून देणार नाही' हेसुद्धा मीच लिहिलं.

मामंजी, मोटार घेताना आपण अकरा जणांना विचारलंत. माझ्याबद्दल एकालाच विचारलंत, माझ्या बापाला. मी वर्षभर आपल्या घरात होते. आपल्या टेबलावरचे कागद रोज पुसून ठेवत होते, आणि पुसताना वाचतही होते. मला एकदा विचारलं असतंत तर मी उत्तर दिलं असतं. आपल्याला पुरावा मिळाला नाही, कारण आपण शोधलाच नाही. याचा मला राग आहे, आणि तो मी खाली मान घालून गिळणार नाही.

नाना, तुमचाही राग आहे. निंबाभाऊ गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या यात्रेत तुमचं बोट धरून मी शेजारीच उभी होते. तुम्ही त्याला चांगला म्हणालात तेव्हा त्याचं तोंड मी पाहिलं. तसा हसताना त्याला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तुम्हाला त्याचा ताप आठवतो. मला ते हसू आठवतं. मी एकोणीस वर्षांची झाले आणि मला तेवढंही मिळालं नाही. तुम्ही मला नजरेपासून जपलंत हे मला कळतं. पण सासरी तुमची बोली कोणाला कळली नाही, आणि तुमचा शब्द तिथे माझ्या नावावर खरा म्हणून राहिला.

येत्या सोमवारी मी मुलीला घेऊन धुळ्याला येते आहे. नूर महंमदचाचा आपल्या वेल्बीतून पोचवणार आहेत आणि जैनबचाची सोबत आहे. चाचा म्हणतात की गाडी पारोळ्याच्या पुढे जाईल असं वाटत नाही, म्हणून मी निर्धास्त आहे. मला न्यायला कोणी येऊ नये, पोचवायलाही येऊ नये. धुळ्याचं दार बंद असेल, तर चाचा मला तसेच पुण्याला यांच्या कॉलेजच्या दारात नेऊन सोडतील. मी यांना तसं कळवलं आहे. यांचं उत्तर आलं आहे. ते या पत्रात लिहीत नाही, कारण ते माझं आहे.

आपल्याला दोन ओळी हव्या होत्या, त्या देते. माझी मुलगी निरोगी आहे. ती गोरी नाही, सावळी आहे, आणि फार देखणी आहे. पहाटे उठून एकटीच हसत पडलेली असते. मी स्वतः शहाणी आहे. नजरेची भीती मलाही आहे. तीट मी रोज लावते, आजही लावली. पण भीती वाटते म्हणून तिच्याबद्दल खोटं लिहिणं आता माझ्याने होणार नाही.

आत्या आल्या नाहीत, म्हणून काल संध्याकाळी मीच तिच्या कानात नाव सांगितलं. आई पाळण्यापाशी होती. पाळण्याची दोरी तिने धरली. मुलीचं नाव सुंदर ठेवलं आहे. धोंडी कोणी म्हणायचं नाही. तिला हाक मारायची तर आता आपल्यालाही आणि नानांनाही हेच म्हणावं लागेल, रोज, आणि तिला ऐकू जाईल असं.

सौ. कमल धनसिंग पाटील